बसण्याची जागा : विलायतेतला पब आणि मुंबईचा इराणी

दारूच्या दुकानाविषयी चार बऱ्या गोष्टी सांगायला कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, तर समोरच्या मायभगिनींच्या कपाळाला आठ्या पडणारच. आणि त्यांचे त्यात काही चुकते असे मी म्हणणार नाही. पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या वाटेने घरी आलेला नवरा ज्यांनी पाहिला, आणि पुढे गावात मतदान करवून 'आडवी बाटली' निवडून आणण्यासाठी ज्या दारोदार फिरल्या, त्यांच्यापुढे विलायतेतल्या पबची तारीफ करण्याचे धाडस कोण करील? म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की पेल्यात काय असते याविषयी मला फारसे बोलायचे नाही. पेला ज्या मेजावर ठेवतात त्या मेजाविषयी, त्याच्या भोवतीच्या खुर्च्यांविषयी आणि त्या खुर्च्यांत कोणाला बसू देतात याविषयी बोलायचे आहे. कष्टकरी माणसाला घराबाहेर चार घटका बसायला आणि चार माणसांशी बोलायला जागा असावी की नाही, असा हा साधा प्रश्न आहे. इंग्रजांनी त्याचे उत्तर पबमध्ये शोधले, मुंबईच्या गिरणगावाने इराण्याच्या हॉटेलात शोधले. या दोन जागांत चांगले काय होते व वाईट काय होते, हे नीट समजून घेतले तर आपल्या शिराळ्यासारख्या तालुक्याच्या गावालाही त्यातून काही घेता येईल.

सार्वजनिक घर

'पब' हे 'पब्लिक हाऊस' या नावाचे आखूड रूप आहे. शब्दाचा सरळ अर्थ सार्वजनिक घर. जुन्या पद्धतीचा पब खरोखरीच घरासारखा असतो. चालवणारा मनुष्य बहुधा त्याच इमारतीत माडीवर बायकामुलांसह राहतो. दारावर चित्राची पाटी टांगलेली असते. कोठे तांबडा सिंह, कोठे राजाचे मस्तक, कोठे नांगर. ज्या काळी वाटसरूला अक्षरओळख नव्हती त्या काळापासून ही चित्रे चालत आली आहेत. आत शिरले की समोर लांबच लांब लाकडी फळी दिसते. तिलाच बार म्हणतात. येथे वाढपी मेजापाशी येत नाही. ज्याने त्याने उठून फळीपाशी जायचे, काय हवे ते मागायचे, तेथल्या तेथे पैसे मोजायचे आणि वाटेल तेथे जाऊन बसायचे. एकदा पैसे दिले की पेला संपवायला दहा मिनिटे लागोत की दीड तास लागो, कोणी विचारीत नाही. चारजण मिळून आले असतील तर आळीपाळीने एकेकाने सगळ्यांसाठी आणायचे. याला ते 'राउंड' म्हणतात. आपल्याकडे पैऱ्याने भांगलण करतात, तसाच हा पेल्यांचा पैरा. आज तू माझा, उद्या मी तुझा.

आणखी एक रीत लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्रज मनुष्य अनोळखी शेजाऱ्याशी आगगाडीत तासन् तास बोलणार नाही अशी त्याची ख्याती. पण पबच्या फळीपाशी उभा असलेला कोणीही कोणाशी बोलू शकतो, आणि त्यात कोणी आगाऊपणा मानीत नाही. मेजापाशी जाऊन बसलेल्यांना मात्र त्यांच्यात्यांच्यात बोलू द्यायचे. म्हणजे बोलायची हौस असेल त्याने फळीपाशी उभे राहावे, एकांत हवा असेल त्याने कोपरा धरावा. कोणी लिहून न ठेवलेला हा कायदा तेथे पिढ्यान् पिढ्या पाळला जातो.

जॉर्ज ऑर्वेल या नावाचा इंग्रज लेखक आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्याचा जन्म १९०३ साली बिहारात मोतीहारी येथे झाला. त्याचे वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. या गृहस्थाने फेब्रुवारी १९४६ मध्ये लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या पत्रात आपल्या आवडत्या पबवर एक लेख लिहिला. त्या पबचे नाव त्याने दिले होते 'मून अंडर वॉटर', म्हणजे पाण्याखालचा चंद्र. ऑर्वेल म्हणतो, की पब का आवडतो असे विचारले तर मनुष्य आधी तेथल्या बिअरचे नाव घेईल, पण मला ओढून नेते ती तेथली हवा. मग तो एकेक गुण सांगत जातो. बहुतेक गिऱ्हाइके रोजची असतात आणि ती बोलण्यासाठीही येतात. रेडिओ नाही, पियानो नाही, म्हणून बोललेले ऐकू येते. फळीमागच्या बाया गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखतात. तंबाखू, सिगारेट तर मिळतेच, पण डोके दुखत असेल तर अ‍ॅस्पिरिनची गोळी मिळते, टपालाचे तिकीट मिळते आणि दूरध्वनी करायचा असेल तर मालक कुरकुर करीत नाही. मागे बाग आहे, त्यामुळे बायको घरी मुले राखीत बसते व नवरा एकटा जातो असे न होता सारे कुटुंबच तेथे येऊ शकते. एवढे सांगून झाल्यावर तो वाचकाला हळूच सांगतो, की असा पब अस्तित्वातच नाही! आदर्श पबचे दहा गुण त्याने मोजले होते, आणि त्यांपैकी आठ गुण असलेला एकच पब त्याच्या माहितीत होता.

ही यादी मी ग्रंथालयात बसून वाचली तेव्हा ती ओळखीची वाटली. बिअरच्या जागी चहा घातला, की दहांपैकी बहुतेक गुण मुंबईच्या इराण्याकडे सापडतात.

कोपऱ्यावरचा इराणी

इराणातील यझ्द आणि केरमान या भागांतून जरथुष्ट्री धर्माचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी मुंबईला येऊ लागले. मायदेशी दारिद्र्य होते आणि धर्मावरून छळही होता. इकडे आधीपासून स्थिरावलेल्या पारशांच्या आधाराने त्यांनी पोट भरायला सुरुवात केली आणि चहा-पावाच्या धंद्यात शिरले. यझ्दकडचे काही मुसलमान इराणीही याच धंद्यात आले. हिंदू व्यापारी नाक्यावरची जागा अशुभ समजून घेत नसत, म्हणून त्या जागा इराण्यांना मिळाल्या असे सांगतात. कारण काही असो, मुंबईत इराण्याचे हॉटेल म्हटले की ते दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर आणि दोन्हीकडून दारे उघडी, हे ठरलेले. धोबीतलावाचे कयानी १९०४ सालचे, ग्रँट रोड स्टेशनजवळचे मेरवान १९१४ सालचे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ सालचे, माटुंग्याचे कूलर १९३२ सालचे. पुण्यात डेक्कनवरचे गुडलक १९३५ साली निघाले, आणि त्या चौकालाच लोक गुडलक चौक म्हणू लागले.

आतली मांडणी डोळ्यांपुढे आणा. संगमरवरी फरशीची मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर मोठाले आरसे, वर संथ फिरणारा पंखा. दाराशीच गल्ला आणि गल्ल्यावर मालक. त्याच्या शेजारी काचेच्या बरण्यांत बिस्किटे व खारी; पाठीमागच्या कपाटात साबण, दंतमंजन, काडेपेटी, सिगारेट, डोकेदुखीची गोळी. दूरध्वनी घरोघरी नव्हता तेव्हा तो इराण्याच्या गल्ल्यावर होता. ऑर्वेलच्या यादीतली तंबाखू, गोळी व दूरध्वनी येथे तशीच सापडतात. चहा दाट, 'पानी कम' म्हटले की अधिक दाट. त्याबरोबर ब्रून-मस्का, म्हणजे कडक पाव मधे कापून लोणी लावलेला. तो चहात बुडवून खायचा. ऐपत असेल त्याला खिमा-पाव व मावा केक. माळ्यावर किंवा आडोशाला 'फॅमिली रूम', जेथे बाईमाणसांना निवांत बसता येई. आणि भिंतीवर सूचनांचा फलक : हे करू नये, ते करू नये. या फलकांवरून कवींनी कवितासुद्धा केल्या आहेत.

फलकावर काहीही लिहिलेले असो, एक कप चहावर मनुष्य तासभर बसला तर त्याला उठवीत नसत, हा इराण्याचा लौकिक. त्याने वर्तमानपत्र वाचावे, पत्र लिहावे, नोकरीचा अर्ज खरडावा, नाही तर नुसते रस्त्याकडे बघत बसावे. काळा घोडा भागातल्या 'वेसाइड इन' मध्ये कवी अरुण कोलटकर वर्षानुवर्षे खिडकीजवळ बसत. समोरच्या त्रिकोणी चौकातले झाडूवाले, भिकारी, कुत्री, इडली खायला जमणारी माणसे पाहता पाहता त्यांच्या मनात जे साठले, त्याचे २००४ साली 'काळा घोडा पोएम्स' हे पुस्तक झाले. हॉटेलवाल्याने दर अर्ध्या तासाने 'आणखी काय देऊ?' म्हणून विचारले असते तर असे बसणे शक्यच नव्हते.

घर लहान म्हणून

आता मूळ कारणाकडे येऊ. पब काय किंवा इराणी काय, या जागा कामगारांच्या वस्तीत एवढ्या का भरभराटल्या? उत्तर घराच्या मापात आहे. गेल्या शतकाआधी इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या शहरांत मजुराच्या वाट्याला एक-दोन कोंदट खोल्या येत. जळण महाग, उजेड महाग. पबमध्ये शेगडी पेटलेली असे, दिवा लावलेला असे. एका पेल्याच्या किमतीत ऊब, उजेड आणि सोबत मिळे. मुंबईला थंडी नव्हती, पण जागेची टंचाई त्याहून भयंकर होती. वारणेच्या आणि मोरणेच्या खोऱ्यांतून, आपल्या शिराळा पेट्यातून जी पोरे गिरणीत आणि गोदीत गेली, ती चाळीतल्या एकेका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस राहिली. दिवसपाळीचा उठला की त्याच वळकटीवर रातपाळीचा पडायचा. जेवण खाणावळीत. अशा खोलीत पाठ टेकता येई, पण बसून बोलणार कोठे? गावाहून आलेले पत्र कोणाकडून वाचून घेणार कोठे? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली हे आपण अभिमानाने सांगतो. पण सुट्टी मिळाली तरी ती घालवायची कोठे हा प्रश्न उरलाच. तालीम होती, भजनी मंडळ होते, समुद्राचा काठ होता, आणि नाक्यावर इराणी होता.

जेथे माणसे बसतात तेथे बोलतात, आणि बोलतात तेथे आज ना उद्या संघटना उभी राहते. जानेवारी १७९२ मध्ये लंडनमध्ये एक्सेटर स्ट्रीटवरच्या 'बेल' नावाच्या दारूगृहात नऊ माणसे जमली. त्यांना जमवणारा टॉमस हार्डी हा जोडे शिवणारा कारागीर होता. दिवसभराचे काम आटोपून त्यांनी पाव, चीज खाल्ले, बिअर घेतली आणि गरिबालाही मताचा अधिकार असावा यासाठी 'लंडन करस्पाँडिंग सोसायटी' स्थापन केली. वर्गणी आठवड्याला एक पेनी, आणि सभासद किती घ्यावेत याला मर्यादा नाही असा ठराव. इंग्लंडमधल्या कष्टकऱ्यांच्या राजकारणाचा इतिहास सांगताना पुष्कळदा येथूनच सुरुवात करतात. त्या काळी शिंपी, टोपीवाले, सुतार अशा कारागिरांच्या मंडळ्यांचे ठरलेले पब असत. बेकार कारागिराने तेथे नाव नोंदवावे, मालकाला माणूस हवा असेल तर त्याने तेथे निरोप पाठवावा, गावोगाव काम शोधत फिरणाऱ्या बंधूला तेथे भाकरी व रात्रीचा निवारा मिळावा. कचेरी भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती तेव्हा पबची माडी हीच युनियनची कचेरी होती. माझ्या स्वतःच्या तीस वर्षांच्या कामात ज्या युनियन मी पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींची पहिली बैठक चहाच्या हॉटेलातल्या बाकड्यावर झालेली आहे. सभागृह मागायला गेले तर नाव विचारतात, कारण विचारतात. चहावाला फक्त 'किती कप?' एवढेच विचारतो.

दुसरी बाजू

परंतु एकाच अंगाने बोलणे हे प्रचारकाचे काम झाले. या सार्वजनिक घरांनी कष्टकऱ्याला छळलेही आहे, आणि ते कसे हे समजल्यावाचून चांगल्या जागेची पारख करता येणार नाही.

पहिला दोष हा, की बसण्याच्या जागेचा मालकच कामाचा व पगाराचा मालक होऊन बसला. लंडनच्या थेम्स नदीवर कोळशाची जहाजे रिकामी करणारे हमाल होते. त्यांना काम देण्याचा मक्ता बंदराकाठच्या पबवाल्यांकडे गेला होता. जो पबमध्ये जास्त पिईल त्याला काम. मजुरीही तेथेच मिळायची आणि उधारी कापून मिळायची. न पिणारा उपाशी. अखेर १८४३ साली पार्लमेंटला कायदा करून या हमालांच्या नोंदणीची व कामवाटपाची वेगळी कचेरी काढावी लागली. आमच्या हमाल बंधूंना हे ऐकून माथाडी मंडळ आठवेल. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, त्याचेही मर्म हेच, की काम देणे व मजुरी वाटणे हे मुकादमाच्या हातून काढून मंडळाकडे द्यावे. पुढे १८८३ साली इंग्लंडात पबमध्ये मजुरांचा पगार वाटण्यालाच कायद्याने बंदी झाली. आपल्याकडे कोणत्या गुत्त्याच्या उंबऱ्यावर कोणाची उचल वाटली जाते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

दुसरा दोष, सार्वजनिक म्हणवणारे घर सर्वांचे नव्हते. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले काळ्या लोकांचे पुढारी माल्कम एक्स इंग्लंडमधल्या स्मेथविक या कारखान्यांच्या गावी गेले. तेथे ओतकामाच्या कारखान्यात राबणारे अवतारसिंग जौहल हे इंडियन वर्कर्स असोसिएशनचे पुढारी होते. गावातल्या पबमधून काळ्या व हिंदी माणसांना गोऱ्यांच्या दालनात पेला देत नसत. जौहल आणि त्यांचे साथी मुद्दाम गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अशा पबमध्ये शिरत व नकार मिळाला की तो चव्हाट्यावर आणीत. माल्कम एक्स यांनाही त्यांनी अशा एका पबमध्ये नेले, आणि तेथे हा भेद त्यांनी स्वतः अनुभवला. त्यानंतर नऊ दिवसांनी अमेरिकेत त्यांचा खून झाला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा झाला.

यावर आपण त्यांना हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे 'ब्राह्मणांचे हॉटेल', 'हिंदू हॉटेल' अशा पाट्या मुंबईपासून होत्या, आणि खेड्यातल्या हॉटेलात दलित गिऱ्हाइकाची कपबशी वेगळी, ती त्यानेच विसळून वळचणीला पालथी घालायची, हे आमच्या वडिलांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. भारताच्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तेथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने अशी मनाई करणे गुन्हा ठरवले. चहाच्या हॉटेलासारखी किरकोळ वाटणारी गोष्ट देशाच्या घटनेत का यावी? कारण एका बाकावर बसून एकाच तऱ्हेच्या कपातून चहा पिणे हे आपल्या समाजात किरकोळ कधीच नव्हते. इराण्याच्या नाक्यावर जातीची पाटी नव्हती, ही त्याची मोठी पुण्याई.

तिसरा दोष स्त्रियांविषयीचा. लंडनच्या वर्तमानपत्रांच्या वस्तीत एका नामांकित दारूगृहात बायांनी फळीपाशी उभे राहून काही मागायचे नाही, मागच्या खोलीत जाऊन बसायचे, असा नियम होता. एक वकील व एक पत्रकार अशा दोन स्त्रियांनी त्यावर दावा लावला, आणि १९८२ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एवढ्या पुढारलेल्या देशात एवढ्या उशिरा! आणि आपल्याकडे? तालुक्याच्या बाजाराला आलेली शेतमजूर बाई सकाळपासून उन्हात उभी असते. चहा प्यावासा वाटला तरी पुरुषांनी भरलेल्या हॉटेलात ती पाऊल टाकीत नाही. एस. टी. येईपर्यंत कोठल्या तरी पायरीवर टेकते. ज्या सार्वजनिक जागेत निम्मे गाव बसू शकत नाही, तिला सार्वजनिक म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

जागा वाचते कशी

आज दोन्हीकडे या जागा कमी होत आहेत. इंग्लंडात घरोघरी दूरचित्रवाणी आली, दुकानातली बाटली पबपेक्षा स्वस्त झाली, २००७ साली आत धूम्रपानाला बंदी झाली, आणि जमिनीच्या किमती वाढल्या तशी पबच्या इमारतीला घरे म्हणून जास्त भाव येऊ लागला. मुंबईत १९५० च्या सुमारास इराण्यांची हॉटेले शेकड्यांनी होती, ती आज थोडकी उरली. भागीदारांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली, नाक्याच्या जागेला सोन्याचा भाव आला, काहींनी चहा बंद करून परमिट रूम थाटली. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या गेल्या, आणि पाळी सुटल्यावर येणारे गिऱ्हाईकच उरले नाही. एक कप चहावर तासभर बसणारा मनुष्य आजच्या भाड्याच्या हिशेबात बसत नाही, हे कडू असले तरी खरे आहे.

मग उपाय? ज्यांना जागा हवी त्यांनीच ती घ्यावी. इंग्लंडच्या उत्तरेला हेस्केट न्यूमार्केट नावाचे खेडे आहे. तेथला 'ओल्ड क्राउन' हा पब २००३ साली गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून विकत घेतला, आणि ते पाहून पुढे इतर गावांनीही तोच मार्ग धरला. सहकार ही तर आपल्या सांगली जिल्ह्याची मातृभाषा! आणि याबाबतीत आपला देश इंग्रजांच्या कितीतरी पुढे होता. कॉफी मंडळाने चालवलेली इंडिया कॉफी हाऊसे १९५० नंतरच्या दशकात बंद होऊ लागली, तेव्हा कामावरून निघालेल्या वाढप्यांना व आचाऱ्यांना कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी सांगितले, की ही दुकाने तुम्हीच चालवा. १९५७ साली बंगळूरला कामगारांची पहिली सहकारी संस्था निघाली, मग दिल्लीला, मग केरळात. पगडीवजा फेटा बांधलेले ते वाढपी आजही आपल्याच मालकीच्या हॉटेलात कॉफी देतात. पुण्यात हमाल पंचायतीने बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, तीही याच कुळातली. हमालाला परवडेल अशा दरात, स्वच्छ जागी, मानाने बसून खाता यावे हा तिचा हेतू.

पारख

तेव्हा मुंबईला किंवा पुण्याला जाल तेव्हा एखाद्या जुन्या इराण्याकडे अवश्य जा. लेकीसुनांना घेऊन जा. ब्रून-मस्का मागवा, घाई करू नका, आणि आजूबाजूला कोण कोण बसले आहे ते पाहा. कोणाचा मुलगा वा पुतण्या इंग्लंडात असेल आणि त्याच्याकडे जाण्याचा योग आला, तर तेथल्या जुन्या पबमध्येही चार घटका बसून या. न पिणाऱ्याला सरबत आणि कॉफी तेथे मिळते, आणि बसण्याचे भाडे वेगळे पडत नाही. दोन्ही ठिकाणी पारखायच्या गोष्टी सारख्याच आहेत. सर्वांत स्वस्त वस्तू मागवणाऱ्यालाही तितकीच चांगली खुर्ची मिळते का? बोललेले ऐकू येते का? मालक माणसांना ओळखतो का? आणि दाराशी कोणी बिचकतो का? या चार प्रश्नांची उत्तरे बरी आली तर ती जागा जपण्यासारखी आहे.

हेच चार प्रश्न घेऊन आपल्या गावातून एक चक्कर मारावी. नव्या धाटणीची चहाची दुकाने निघाली आहेत. पाटी झगझगीत, चहाही बरा, पण बाकडे एकही नाही. उभ्याने प्यायचे आणि चालू लागायचे. यात गिऱ्हाइकाइतकाच तेथला कामगारही उभा असतो. दहा-दहा तास पायांवर. उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावे अशी सोय करा, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने मालकांना बजावले होते. पण दुकानातल्या बाया त्यातून सुटल्या. केरळातल्या कापड दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनी लढा दिला, तेव्हा २०१८ साली तेथे बसण्याच्या सोयीचा कायदा झाला. तामिळनाडूनेही २०२१ साली तसाच केला. बसण्याचा हक्क कायद्याने मागावा लागतो, इतकी ती मौल्यवान वस्तू आहे.

नगरपंचायतीकडे, बाजार समितीकडे आणि सहकारी संस्थांकडे माझे मागणे फार मोठे नाही. बाजाराच्या आवारात आणि बसस्थानकाजवळ छपराखाली एक चहाघर असावे. त्याला बाकडी असावीत, पिण्याचे पाणी असावे, भिंतीला वर्तमानपत्र असावे आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. ते चालवायला बचत गटातल्या बायांची सहकारी संस्था काढावी, म्हणजे गल्ल्यावर बाई बसेल आणि बाजाराला आलेली दुसरी बाई आत यायला बिचकणार नाही. दारू तेथे नको. व्याख्यानमालेला जमलेल्या मंडळींनी मनावर घेतले, तर पुढच्या वसंतापर्यंत त्या बाकड्यांवर बसून याच विषयावर आणखी वाद घालता येईल. वर्गणी किती ठेवायची हे मात्र आजच ठरवू. पहिल्या दिवसापासून परवडेल एवढी, आणि सभासदांच्या संख्येला मर्यादा नको.